चुंबकाच्या हुकमांतले थवे

कागदावर लोखंडाचा कीस पसरावा, खालून लोहचुंबक फिरवावा, आणि किसाच्या रांगा उठतांना व मोडतांना पाहाव्या, हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं केलेला असेल. हाच खेळ मिलिमीटरच्या हजारांशाएवढ्या कणांशीं, द्रवाच्या थेंबांत खेळून, शरीरांत नेमक्या जागीं औषध पोंचविणारे हमाल घडवितां येतील काय, हा प्रश्न आज अनेक प्रयोगशाळांपुढें आहे. या कणांस 'सूक्ष्म यंत्रमानव' असें भारदस्त नांव मिळालें आहे. वस्तुतः त्यांत ना यंत्र, ना मानव!

इतक्या लहान वस्तूस पाणी काकवीहूनही चिकट भासतें. एडवर्ड पर्सेल यांनीं १९७७ सालीं हिशेब मांडून दाखविलें कीं, पोहणें थांबविलेला जंतु एका अणूच्या रुंदीइतकाही पुढें सरकत नाहीं, आणि शिंपल्यासारखी नुसती उघडझाप करणारा प्राणी तेथें जागच्या जागींच राहील. म्हणूनच कित्येक जंतु आपली शेपटी मळसूत्राप्रमाणें फिरवितात. अंबरीष घोष व पीअर फिशर यांनीं २००९ सालीं कांचेचीं तशींच मळसूत्रें करून, त्यांवर कोबाल्टचा मुलामा देऊन, तीं फिरत्या चुंबकक्षेत्रानें हवीं तशीं चालविलीं. घोष यांनीं हें काम पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत चालू ठेविलें.

परंतु एकटा कण औषध नेणार तें कितीसें? आणि शरीराबाहेरून तो दिसणार तरी कसा? थवाच हवा. येथें मात्र मोठी पंचाईत आहे. चुंबकक्षेत्र सर्वांवर एकदमच पडतें. 'तूं डावीकडे जा, तूं थांब' असें एकेकास सांगण्याची सोय नाहीं. आजोबांनीं ओसरीवरून दिलेला एकच हुकूम घरांतील साऱ्यांच्या कानीं पडावा, आणि जो तो शेजारच्याकडे पाहून पाऊल टाकीत जावा, तसाच हा प्रकार. क्षेत्रांत येतांच प्रत्येक कण स्वतः लहानसा चुंबक होऊन शेजाऱ्यास ओढतो वा लोटतो. फिरतांना भोवतालचा द्रव ढवळतो, आणि त्या ओघांत शेजारी वाहवतो. थव्याचा आकार या परस्परांच्या ओढाताणींतून उपजतो. चालविणाराच्या हातीं काय तें क्षेत्राची दिशा, जोर आणि लय.

एवढ्यावर काय साधतें, तें चीनमधील हार्बिन येथील संशोधकांनीं २०१९ सालीं दाखविलें. त्यांचे कण हेमाटाइटचे, म्हणजे गेरूस ज्यानें तांबडा रंग येतो त्याच द्रव्याचे, आणि आकारानें भुईमुगाच्या शेंगेसारखे. क्षेत्राची लय बदलतांच तेच कण कधीं द्रवासारखे पसरत, कधीं मुंग्यांसारखी रांग धरून अरुंद वाटेंतून निघून जात, कधीं भोवरा होऊन जड ओझें हलवीत, तर कधीं माशांच्या थव्यासारखा रुंद पट्टा करून मोठ्या जागेंतील वस्तु एकदम पुढें नेत. एक रूप मोडून दुसरें धरावें आणि पुन्हां पहिल्यावर यावें, हेंही त्यांस जमलें. आमच्या मतें यांतील खरें यश या माघारी फिरण्यांत आहे. बनलेला पुंजका पुन्हां सुटा करतां येत नसेल, तर अरुंद वाटेंत तोच बोळा होऊन बसावयाचा!

वर्तमानपत्रें लगेच 'रक्तांत पोहणारे शस्त्रवैद्य' लिहूं लागतात. तें अद्याप दूर आहे. रक्ताच्या लोंढ्यापुढें अशा थव्याचा निभाव लागणें कठीण, आणि अंतर वाढतांच चुंबकाचा जोर झपाट्यानें घटतो. डोळ्याची गोष्ट थोडी निराळी. तेथें असा लोंढा नाहीं. जर्मनींतील श्टुटगार्ट येथील संशोधकांनीं २०१८ सालीं डुकराच्या काढून घेतलेल्या डोळ्यांत, बुबुळामागील दाट रसांतून, मळसूत्रांचा थवा पडद्यापर्यंत नेला. त्या रसांतील धाग्यांस तीं चिकटूं नयेत म्हणून कीटकभक्षक घटपर्णीच्या निसरड्या कांठावरून सुचलेला लेप त्यांना दिला होता.

आणि काम झाल्यावर या कणांचें करावयाचें काय? लोहाच्या कांहीं ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण यकृत व प्लीहा यांत जिरून शरीराच्या लोहसंचयांत हळूहळू मिसळतात. कोबाल्ट वा निकेल यांचें तसें नाहीं. तीं शरीरास बाधणारीं. म्हणून मुलाम्यास कोणता धातु घ्यावा, हा प्रश्न थवा कसा चालवावा या प्रश्नाइतकाच या मंडळींस सतावीत आहे.