पुन्हा त्याच गावात

रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरात झाला. वडील रॉयल वाइल्डर तिथे अमेरिकन मिशनरी होते. मुलगा पुढे शिकायला अमेरिकेत गेला, प्रिन्स्टनमधून पदवीधर झाला आणि १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे भरलेल्या विद्यार्थी शिबिराला हजर राहिला. शिबिर भरवलं होतं ड्वाइट मूडी या प्रसिद्ध धर्मोपदेशकांनी. वाइल्डर तिथे एकेका तरुणाला गाठून बोलत राहिले आणि शिबिर संपेपर्यंत १०० विद्यार्थ्यांनी मिशनकार्यासाठी परदेशी जाण्याची तयारी दाखवली. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यामार्फत सुमारे २० हजार तरुण-तरुणी परदेशी गेले. खुद्द वाइल्डर भारतात परतले आणि इथल्या विद्यार्थ्यांमध्ये काम करू लागले. त्यांची बहीण ग्रेस हीसुद्धा भारतात परतली.

त्या काळी मिशनला जाणं म्हणजे आयुष्य देणं होतं. गॉर्डन हॉल हे त्याहून जुनं उदाहरण. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे हे पदवीधर १८१२च्या फेब्रुवारीत जहाजात बसले. कलकत्त्यात पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत पाठवायचं ठरवलं. तरी ते १८१३मध्ये मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. हॉल मराठी शिकले, मराठीतून बोलू-लिहू लागले आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने वारले. अमेरिका त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

आज ‘मिशन ट्रिप’ म्हणतात ती बहुतेकदा आठ-दहा दिवसांची असते. जेट विमानांनी हा बदल घडवला. ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था १९६०मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी सुरू केली, तेव्हा शाळा-कॉलेज नुकतं संपवलेल्या मुलांना थोड्या काळासाठी परदेशी पाठवणं ही नवी कल्पना होती. आता ती अमेरिकन चर्चच्या वार्षिक कार्यक्रमाचा भाग झाली आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वथनाव यांच्या अंदाजानुसार अमेरिकेतले सुमारे १६ लाख चर्च-सदस्य दरवर्षी अशा छोट्या परदेशी मोहिमांवर जातात. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, हैती, डोमिनिकन रिपब्लिक ही नेहमीची ठिकाणं.

तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. तरुणांची जबाबदारी असलेले चर्चचे ‘युवा पाळक’ गट जमवतात. मुलं गाड्या धुऊन, घरी भाजलेले केक विकून, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना पत्रं लिहून पैसे उभे करतात. पालकांची संमतिपत्रं, लसी, विमा, सोबत जाणाऱ्या प्रौढांची पोलीस-पडताळणी हे सगळं पार पडतं. मग मार्चच्या सुट्टीत किंवा उन्हाळ्यात एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेला घोळका विमानतळावर दिसतो. तिकडे पोचल्यावर भिंतींना रंग देणं, घर किंवा वर्गखोली बांधायला हातभार लावणं, लहान मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा घेणं आणि रविवारी स्थानिक मंडळीबरोबर उपासनेला बसणं, असा दिवसक्रम असतो. जाणाऱ्या मुलांच्या मनात खोट नसते. आपल्यापेक्षा वेगळं जगणाऱ्या माणसांना भेटावं, त्यांच्या कामी यावं ही त्या वयातली ओढ खरी असते आणि ती मोलाचीही आहे.

प्रश्न येतो तो यजमानांच्या बाजूने पाहिल्यावर.

१९९८च्या ऑक्टोबरअखेरीस ‘मिच’ चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हाहाकार माजवला. ११ हजारांहून अधिक माणसं गेली. सर्वात मोठा तडाखा होंडुरासला बसला. घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून गटांमागून गट आले. होंडुरासमध्ये दीर्घकाळ राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर या बांधकामाचा अभ्यास केला. स्थानिक गवंड्यांनी साधारण २ हजार डॉलरमध्ये उभं केलं असतं असं घर बांधायला आलेल्या गटाचा प्रवासासह खर्च ३० हजार डॉलरच्या घरात जात होता. परदेशी गटांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबं आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबं यांच्या जगण्यात व्हर बीक यांना फारसा फरक दिसला नाही. एवढ्या पैशात आणखी घरं झाली असती, गवंड्यांना काम मिळालं असतं, असं होंडुरासच्या लोकांनी सांगितलं. आलेल्या तरुणांचं आयुष्य या अनुभवाने पालटतं, असा दावा नेहमी केला जातो. व्हर बीक यांनी त्यांच्याकडेही चौकशी केली. घरी परतल्यावर दानधर्म किंवा प्रार्थनेची सवय यांत टिकाऊ बदल झालेले थोडेच निघाले.

मिच वादळाच्या ३० वर्षं आधी हीच गोष्ट एका कॅथलिक धर्मगुरूने विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितली होती. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतल्या कुएर्नाव्हाका शहरात इव्हान इलिच यांनी उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं. तुम्हाला भाषा येत नाही, तुमच्या मदतीचं काय होतं ते तुम्हाला कळत नाही आणि लोक सभ्यतेपोटी ते तुम्हाला सांगतही नाहीत, असा त्यांचा रोख होता. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असं त्यांनी बजावलं. हे भाषण आजही अनेक विद्यापीठांत परदेशी सेवेला निघालेल्या मुलांना वाचायला देतात. इलिच यांचा निष्कर्ष फार टोकाचा आहे. त्यांचं निदान मात्र आजही लागू पडतं.

असे गट अनाथालयांत जातात तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत तर हा विषय अधिक गंभीर होतो. जगभरच्या अनाथालयांत राहणाऱ्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. कंबोडियात २०११च्या सुमारास झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आढळलं. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या यांच्या आशेवर काही ठिकाणी अनाथालयं वाढली, आणि गरिबीमुळे आई-बापांनी मुलं तिथे ठेवली. दर आठवड्याला नवा गट येतो, मुलांना मांडीवर घेतो, लळा लावतो आणि निघून जातो. हे पुन्हा पुन्हा सोसणं मुलांच्या मनाला बाधक असतं, असं बालविकासाचे अभ्यासक सांगतात. हैतीत जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर आयडाहोच्या बॅप्टिस्ट चर्चशी संबंधित १० अमेरिकन ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. त्यांच्याजवळ परवाना नव्हता आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचे पालक हयात होते. मदत करायच्या घाईने केवढा अनर्थ होऊ शकतो, ते यातून जगाला दिसलं.

मग जाऊच नये का? जावं, पण तिथेच पुन्हा जावं.

पहिल्या खेपेला विद्यार्थी पाहुणा असतो. गाव त्याला चांगलं वाढतं, चांगलंच दाखवतं. त्याच गावी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेल्यावर यजमान मोकळे होतात. गेल्या वर्षी दिलेला रंग पावसात उडाला, दिलेला पंप बंद पडला कारण त्याचा सुटा भाग इथे मिळत नाही, बायबल शाळेच्या आठवड्यात खरी शाळा बुडाली, या गोष्टी पहिल्या भेटीत कोणी बोलत नाही. परत आलेल्या माणसालाच त्या सांगितल्या जातात. मुलांनाही मागच्या वेळी तोडकंमोडकं स्पॅनिश बोलून भागवलं होतं याची लाज वाटते आणि वर्षभर ती भाषा शिकायची बुद्धी होते. काही चांगले युवा पाळक म्हणूनच आठ-दहा वर्षं एकच गाव धरून ठेवतात आणि गटात निम्मी तरी मुलं आधी जाऊन आलेली असावीत असा आग्रह ठेवतात. नव्या जागेचं आकर्षण दाखवून मुलं गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी कठीण आहे.

या वाटेने चाललेलं एक काम मिनेसोटातल्या लुथरन चर्च-मंडळ्यांचं आहे. सेंट पॉल परिसरातल्या मंडळ्या आणि टांझानियातला इरिंगा धर्मप्रांत यांचं नातं १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून टिकून आहे. ‘बेगा क्वा बेगा’ या नावाने ते ओळखलं जातं. मिनेसोटातली एक मंडळी इरिंगातल्या एका मंडळीशी जोडलेली असते. गावातल्या मुलांच्या माध्यमिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या जातात, दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जाऊन राहतात. टांझानियाचे पाहुणे मिनेसोटाच्या थंडीत येऊन तिथल्या चर्चमध्ये उपदेश करतात, हे विशेष महत्त्वाचं. देणारा कायम देणारा आणि घेणारा कायम घेणारा राहिला, की नातं नासतं. इथे त्याला वाव कमी आहे.

भारतात येणाऱ्या गटांचा मार्ग वेगळा आहे. पर्यटक व्हिसावर इथे धर्मप्रचार करता येत नाही, मिशनऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसा आहे. त्यामुळे प्रामाणिक गटाला निघण्यापूर्वीच आपण नक्की कशासाठी जात आहोत, हे ठरवावं लागतं. हा नियम काहींना जाचक वाटतो, पण निदान एवढा विचार करायला तो भाग पाडतो.

अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना मुलांच्या वर्गमित्रांकडून अशी निधी मागणारी पत्रं येतात. घरची मुलगीही मैत्रिणीबरोबर जायचं म्हणते. अशा वेळी नाक मुरडू नये आणि डोळे मिटून चेकही लिहू नये. गावाने बोलावलं आहे का, काम तिथल्या लोकांनी ठरवलं आहे का, हा गट मागच्या वर्षी कुठे गेला होता आणि पुढच्या वर्षी कुठे जाणार आहे, हे पत्र लिहिणाऱ्या मुलाला प्रेमाने विचारावं. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्या युवा पाळकांना विचारावं. ‘आम्ही पुन्हा तिथेच जातो, आमचे तिथे मित्र आहेत, त्यांनी बोलावलं आहे’ असं उत्तर आलं, तर हात आखडता घेऊ नये.