एका सुईचा गळपट्टा

थंडीत गळ्याभोवती गुंडाळायच्या लोकरीच्या लांब पट्टीला आपण मफलर म्हणतो. जुनी मंडळी गळपट्टा म्हणत आणि आजच्या मुली स्कार्फ म्हणतात. नाव काहीही असो, विणकाम नव्याने शिकणाऱ्याला याहून सोयीची वस्तू नाही. स्वेटरला बाह्या असतात, गळा असतो, खांदे असतात. आणि ज्याच्या अंगावर तो चढायचा, त्या माणसाचे मापही असते. गळपट्ट्याला यातले काहीएक नाही. सुरुवातीला धरलेली रुंदी शेवटपर्यंत राखायची आणि लांबी पुरेशी वाटली की थांबायचे. दोन बोटे कमीजास्त झाली, तरी गळा तक्रार करीत नाही.

आपल्या घरांतून विणकामाचे दोन प्रकार चांगले रुळलेले आहेत. एक दोन सुयांचा, सुलट-उलट टाक्यांचा. दुसरा क्रोशाचा, एका आकडीच्या सुईचा. रुखवतातले जाळीचे रुमाल, दारावरची तोरणे, रेडिओवरची आणि पुढे टेलिव्हिजनवरची झाकणे ही सारी या दुसऱ्या प्रकारातली. मी सांगणार आहे तो तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. सुई क्रोशाचीच, पण हातभर नसली तरी वीतभराहून लांब. आणि टाके मात्र दोन सुयांच्या विणकामासारखे ओळीने सुईवर वागवायचे. याला ट्युनिशियन क्रोशे म्हणतात.

भाषेच्या माणसाला वस्तूच्या आधी तिचे नाव दिसते. 'क्रोशे' म्हणजे फ्रेंचमध्ये लहानशी आकडी. या विणीला इंग्रजीत 'अफगाण' असेही नाव आहे. शिवाय १८५८ साली व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी प्रशियाच्या फ्रेडरिक विल्यम या राजपुत्राला दिली, तेव्हा त्या नववधूच्या नावानेही ही वीण इंग्लंडात ओळखली गेली. आफ्रिकेतला एक देश, आशियातला एक देश आणि युरोपातली एक राजकन्या! इतक्या थोर नात्यागोत्याची ही वीण स्वभावाने मात्र अगदी गरीब आहे. एकच टाका आला की सगळे आले.

आता कोणी विचारील, मराठीच्या प्राध्यापकाला या उद्योगात पडायचे कारण काय? कारण घरातच होते. माझी आई साठ वर्षे विणीत आली. आमच्या वाड्यातल्या किती मुलींना तिने पहिली साखळी घालायला शिकवली, याची गणतीच नाही. पुढे तिच्या डोळ्यांचे दुखणे निघाले. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत जातो, असा हा म्हातारपणचा आजार. यात माणूस ठार आंधळा होत नाही; कडेकडेचे दिसत राहते, पण जिथे म्हणून नजर लावावी, नेमके तेच पुसले जाते. ताटाची कड दिसते आणि ताटातली भाजी दिसत नाही. नेहमीच्या क्रोशात सुई कुठे घालायची, हे टाक्याच्या माथ्यावर पाहावे लागते. दोन सुयांवरचा टाका निसटला, तर तो खाली ओळी उसवत जातो आणि त्याला शोधून वर आणायला तीक्ष्ण डोळे लागतात. आईने एक दिवस सुयांची पिशवी बांधून कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. कुरकूर केली नाही. पण संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिचे हात मांडीवर नुसते पडलेले असत, आणि ते पाहणे घरातल्या कोणालाच सोपे नव्हते.

आमच्या कॉलेजातल्या एका सहकारी बाईंनी ही तिसरी वीण मला दाखवली. मी ती शिकून घेतली, ती आईसाठी. ज्यांना घरी करून पाहायची असेल, त्यांच्यासाठी ती क्रमाने सांगतो.

लोकर मध्यम जाडीची घ्यावी. दुकानात 'डबल निटिंग' म्हणून मिळते ती. सुमारे २०० ग्रॅम जवळ असावी, कारण ही वीण जाड बसते आणि लोकर अंमळ जास्त खाते. रंग फिका आणि एकच असावा. लवदार लोकर नवशिक्याने घेऊ नये, तिच्यात टाका हरवतो. सुई ६ किंवा ६.५ मिलिमीटर जाडीची, २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, आणि तिच्या मागच्या टोकाला टाके निसटू नयेत म्हणून बोंड असलेली. या लोकरीला एरवी क्रोशाची चार मिलिमीटरची सुई पुरते. पण इथे मुद्दाम जाड घ्यायची, नाहीतर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते.

प्रथम ३० साखळ्या घालाव्यात. सुईवर एक फासा असतोच. तो पहिला टाका धरायचा. आता सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सुई घालून लोकर ओढून घ्यावी आणि फासा सुईवरच ठेवावा. असे शेवटपर्यंत केले की सुईवर ३० फासे होतात. ही झाली जाती ओळ. आता काम न उलटता परत यायचे. लोकर घेऊन पहिल्यांदा एकाच फाशातून ओढावी. त्यानंतर दरवेळी दोन फाशांतून. सुईवर एकच फासा उरला की येती ओळ संपली. जाताना गोळा करायचे, येताना सोडत यायचे. जाती आणि येती मिळून एक पुरी ओळ.

दुसऱ्या ओळीपासून तुम्हाला समोर उभे दांडे दिसतील, गजांच्या खिडकीसारखे. सुईच्या अगदी खालचा पहिला दांडा सोडून द्यावा. पुढच्या प्रत्येक दांड्यामागून उजवीकडून डावीकडे सुई घालून लोकर ओढावी आणि फासा सुईवर ठेवावा. कडेच्या शेवटच्या टाक्यात मात्र सुई दोन्ही धाग्यांखालून घालावी, म्हणजे कड गाठीसारखी घट्ट बसते. हा शेवटचा टाका फार लबाड असतो. तो कडेला अंग चोरून बसतो आणि सुटला की तिसाचे एकोणतीस होतात, एकोणतिसाचे अठ्ठावीस. गळपट्टा हळूहळू टायसारखा निमुळता होतो. म्हणून त्याला सेफ्टी पिन लावून ठेवावी.

आईपुढे हे सारे घेऊन बसलो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, आता या वयात तू मला विणकाम शिकवणार? माझी कीव नको करूस." मी म्हटले, "शिकवत नाही. एवढे पाहून दे." आणि दहा ओळींचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने डोळे मिटले आणि अंगठ्याने त्यावरून फिरवले. थोड्या वेळाने म्हणाली, "हे खांब उभे आहेत की! हाताला लागतात." मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अंगठा एकेका दांड्यावर ठेवत गेली. "तीस," ती म्हणाली. आणि त्यानंतर, "दे इकडे."

या विणीचे खरे मर्म मला तिथे कळले. जाती ओळ संपली की ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर हजर असतात. जपमाळेचे मणी ओढावेत तसे ते बोटांनी मोजता येतात. एखादा कमी भरला, तर चूक याच ओळीत आहे, मागे दहा ओळींत नाही. काम कधी उलटायचे नसते, म्हणून सुलट बाजू नेहमी आपल्याकडेच राहते. नवशिक्याला हे जितके सोयीचे, तितकेच मंद दृष्टीच्या माणसालाही. कारण दोघांनाही धाक असतो तो एकच, की चुकले तर आपल्याला कळणार नाही.

हिच्यात एक खोड मात्र आहे. कापड खालच्या कडेला गुंडाळून येते. पहिल्या ओळीत साखळीच्या पाठीमागच्या उंचवट्यातून लोकर ओढली आणि हात सैल ठेवला, तर ही खोड पुष्कळ कमी होते. बाकीची लोकर ओलसर करून, टाचण्या लावून सपाट वाळवल्यावर जाते. शेवटची ओळ बंद करताना दांड्यामागून ओढलेली लोकर तशीच सुईवरच्या फाशातूनही काढून घ्यावी, म्हणजे माथा पक्का होतो. दोन्ही टोकांना गोंडे लावावेत. ती हौस ज्याची त्याची.

या मापाने सुमारे १९ सेंटिमीटर रुंदी येते आणि दीड मीटर लांबीला जवळजवळ २०० ओळी लागतात. रोज अर्धा तास बसून सहा ओळी झाल्या, तर महिन्याहून थोड्या अधिक दिवसांत काम पुरे होते. आईला अडीच महिने लागले. लोकरीचा नवा गुंडा जोडायला मी हवा असे; बाकी सारे तिचे. कड आरंभापासून अखेरपर्यंत सरळ आहे. मोजून पाहिली, तर शेवटच्या ओळीतही तीसच टाके भरतात. सकाळी सातच्या तासाला मी स्कूटरवरून जातो, तेव्हा तो गळपट्टा माझ्या गळ्यात असतो.

डोळ्यांचे दुखणे आहे तिथेच आहे. विणकाम हे काही औषध नव्हे. पण पूर्वी दिवसातून दहादा "हे काय आहे रे, बघ जरा" असे विचारणारी आई आता संध्याकाळचा एक तास कोणालाच काही विचारत नाही. सध्या तिने नातीसाठी दुसरा घेतला आहे, आणि "गप्प बसा, मोजते आहे," असा दम आम्हालाच देते.

आपल्याही घरात कुठेतरी वरच्या फळीवर अशी एखादी पिशवी असेल. दिवाळीचा फराळ आटोपला की ती खाली काढावी. आज तीस साखळ्या घातल्या, तर डिसेंबरची थंडी पुरती पडेपर्यंत घरातल्या कोणाचा तरी गळा उबदार होईल. आणि पहिली ओळ घालायची वेळ आली, की ती स्वतः घालून मोकळे होऊ नये. ज्यांची ती पिशवी, त्यांच्याच हातात सुई द्यावी.