चिलटाच्या नाकातून मेंदूकडे

घरात केळी जरा जास्त पिकली की कुठूनशी चिलटं जमतात. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या या जिवाला फळ आंबू लागल्याचा सुगावा लांबून लागतो. वास त्याच्या मेंदूत कसा ओळखला जातो? सत्तरच्या दशकात मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांत चोविशी-पंचविशीची एक विद्यार्थिनी होती. व्हेरोनिका रॉड्रिग्ज तिचं नाव.

जन्म १९५३ चा, केनियातला. आईवडील मूळचे गोव्याचे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून तिनं सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली. ओबेद सिद्दिकी यांचं संशोधन वाचून तिनं त्यांच्याकडेच पीएचडी करायचं ठरवलं आणि ती मुंबईला आली. युरोपात शिकलेली मुलगी संशोधनासाठी भारतात येते, ही त्या काळातली उलट्या दिशेची वाट होती.

सिद्दिकींना होमी भाभांनी १९६२ मध्ये टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारण्यासाठी बोलावलं होतं. जिवाणूंच्या जनुकशास्त्रात त्यांचं नाव झालेलं होतं. तरीही चाळिशीच्या सुमारास ते ड्रोसोफिलाकडे, म्हणजे या चिलटाकडे वळले. कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी चेतासंस्थेत बिघाड असलेल्या याच माश्यांवर काम केलं, आणि मुंबईत परतल्यावर वास व चव हे विषय हाती घेतले. या विषयात गाईडही नवखेच होते. विद्यार्थ्याच्या हाती ठरीव उत्तराचा उरलासुरला तुकडा देण्याची सोयच तिथं नव्हती. व्हेरोनिकाच्या वाट्याला अख्खं न नांगरलेलं रान आलं.

पद्धत कल्पक होती. रसायन देऊन माश्यांच्या जनुकांत बदल घडवायचे, मग त्यांची पिल्लावळ तपासायची. नराकडे एक्स गुणसूत्र एकच असतं, त्यामुळे त्यावरचा बिघाड झाकला जात नाही. तो वागण्यात लगेच दिसतो. इंग्रजी वाय अक्षरासारख्या काचेच्या नळीच्या एका फाट्यात वास, दुसऱ्यात स्वच्छ हवा. कुठल्या माश्या कुठं वळतात ते मोजायचं. अशा चाळणीतून विलक्षण माश्या हाती लागल्या. काहींना बेन्झाल्डिहाइडचा, म्हणजे कडू बदामासारखा वास कळेना, पण इतर काही वास मात्र व्यवस्थित कळत. याचा अर्थ मोठा होता. वास घेण्याची क्षमता एकसंध नसते. वेगवेगळ्या वासांच्या वाटा वेगवेगळ्या असतात, आणि एकेका जनुकाच्या आधारानं त्या शोधता येतात. १९७८ मध्ये हे काम भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यावर विद्यार्थिनीचं नाव आधी आणि गाईडचं नंतर आहे.

पीएचडीनंतर ती जर्मनीत ट्युबिंगनला एरिख बुखनर यांच्याकडे गेली. तिथं किरणोत्सारी खुणेची साखर वापरायचं तंत्र तिनं हाताळलं. मेंदूतल्या ज्या पेशी काम करत असतात त्या ही साखर जास्त ओढून घेतात. नंतर मेंदूचे पातळ काप घेऊन फिल्मवर त्यांचा ठसा पाहता येतो. १९८८ मध्ये तिनं एकटीच्या नावावर निबंध प्रसिद्ध केला: निरनिराळ्या वासांनी माशीच्या मेंदूतले निरनिराळे गोलसर पुंजके जागे होतात. वासाचा मेंदूत नकाशा असतो, याचा हा फार लवकर हाती आलेला पुरावा होता. गंध ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांमध्ये शोधली ती १९९१ मध्ये. त्या शोधाला २००४ चं नोबेल मिळालं, आणि शोधाच्या वेळी बक ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक होत्या.

चिलटाच्या अभ्यासाचा इतिहासच असा तरुणांनी घडवलेला आहे. १९११ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्यानं कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून एका रात्रीत जनुकांचा पहिला नकाशा आखला. रोनाल्ड कोनोप्का हा बेंझर यांचा पीएचडीचा विद्यार्थी. शरीराच्या घड्याळाचं जनुक त्यानं दाखवलं १९७१ मध्ये. ते घड्याळ चालतं कसं, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. २०२४ मध्ये प्रौढ माशीच्या संपूर्ण मेंदूचा, म्हणजे सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा, जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर पहिलं नाव स्वेन डॉर्केनवाल्ड यांचं आहे. प्रिन्स्टनमध्ये पीएचडी करताना त्यांनी हे काम केलं.

यात वयाची जादू नाही. तरुण माणसाकडे अजून राखायला नाव नसतं, म्हणून तो वेडा वाटणारा प्रश्न विचारू शकतो, हे खरं. पण तो प्रश्न तगतो तो तीन गोष्टींवर: प्रश्न स्वतःचा असणं, श्रेय मोकळ्या मनानं देणारा गाईड, आणि घरभाड्याची चिंता नसणं. व्हेरोनिकाला पहिल्या दोन भरभरून मिळाल्या. पुढे ती टीआयएफआरच्या जीवशास्त्र विभागाची प्रमुख झाली, नंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेली आणि २०१० मध्ये वारली.

तिसऱ्या गोष्टीचं काय? आज आपल्याकडे ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास आहे. फेलोशिप महिनोन्‌महिने अडकल्याच्या तक्रारी विद्यार्थी वर्षानुवर्षं करत आहेत. उधारीवर जगणारा विद्यार्थी पाच वर्षांनी फळेल असा प्रश्न घेणार नाही. सहा महिन्यांत निबंध देईल असाच घेईल. आपण गमावतो ते हे मोठे प्रश्न, आणि ते गमावल्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात होत नाही. म्हणून फेलोशिप वेळेवर देणं हा उपकार समजू नये. पुढच्या तीस वर्षांचं विज्ञान त्या पैशातूनच उभं राहतं.