कपाट चार हात सरकलं, आणि...

मुलांनो, आज घरी गेलात की एक गंमत करा. खोलीच्या मधोमध उभे राहा, दोन्ही हात पसरा आणि एक गिरकी घ्या. हात कशाकशाला लागला? टेबलाला, कपाटाला, दोरीवरच्या टॉवेलाला? लागणारच! आपल्यापैकी बहुतेकांची घरं तेवढीच असतात.

माझंही तसंच आहे. मी मुळशी तालुक्यात, उरवड्यात राहते. पिरंगुटच्या बाजूला कारखाने आले, माणसं आली, आणि एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड राहू लागलं. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा फूट. तीत एक पलंग, लोखंडी कपाट, फ्रिज आणि एक टेबल. माणसं चार. माझी मुलगी पाचवीत आहे. ती अभ्यास करायची पलंगावर पालथी पडून, कारण टेबल होतं अंधाऱ्या कोपऱ्यात आणि खिडकीची अर्धी बाजू कपाटानं अडवलेली. अक्षर बिघडलं म्हणून मी तिला रागवायची. एके दिवशी मी स्वतः त्या टेबलाशी बसून वह्या तपासल्या, आणि मग रागवणं बंद केलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौकटीची वही काढली. एका फुटाला दोन चौकोन. म्हणजे खोली झाली वीस बाय चोवीस चौकोनांची. पलंग सहा बाय तीन फुटांचा, म्हणून बारा बाय सहा चौकोन. कपाट सहा बाय तीन. पुठ्ठ्याचे असे तुकडे कापले की ते कागदावर हवे तसे फिरवता येतात, आणि कंबरही दुखत नाही! दार उघडतं तिथे कंपासनं पाव वर्तुळ काढायला मात्र विसरू नका. कपाटाच्या दारांनाही जागा लागते. मी ती विसरले होते, लेकीनं आठवण केली.

मग बेरीज केली. पलंग १८ चौरस फूट, कपाट साडेचार, टेबल ६, फ्रिज ४. एकूण साडेबत्तीस. खोली १२० चौरस फुटांची! मग उरलेले साडेसत्याऐंशी गेले कुठे? ते तुकड्यातुकड्यांत सांडले होते. फ्रिजशेजारी वीतभर, टेबलामागे हातभर. कुणाच्याच कामाचे नाहीत.

मुंबईतल्या बीडीडी चाळींत एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या गेल्या आणि तेवढ्या खोलीत कितीतरी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. दिवसा गाद्यांची वळकटी, रात्री तीच जमीन म्हणजे पलंग. (वरळीतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते, तेव्हा त्यांचं कुटुंब परळच्या चाळीत एकाच खोलीत राहत होतं. भांडीकुंडी, सरपण सगळं तिथेच. दोघांना धड झोपता येईल एवढीही जागा नाही. मग वडील, सुभेदार रामजी, भीमरावांना लवकर झोपवत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोनला मुलाला अभ्यासाला उठवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. तिथे सरकवायला सामानच नव्हतं, म्हणून त्यांनी झोपेची वेळ सरकवली. हे वाचलं की मला आमच्या दहा बाय बाराची तक्रार करवत नाही.

असो. कपाटाकडे वळू. भरलेलं कपाट ओढायचं नाही, आधी रिकामं करायचं. तिरकं करण्याचं काम मोठ्यांचं. पायांखाली पोत्याचे तुकडे सरकवले की ते फरशीवर घसरतं, ओरखडेही पडत नाहीत. ढकलताना हात खाली ठेवावेत. वरून ढकललं तर कपाट कलंडू शकतं. फ्रिज, विजेच्या वायरी आणि गॅस सिलिंडरला मुलांनी हात लावायचा नाही, अगदी कितीही उत्साह आला तरी!

कपाट हललं आणि मागून काय निघावं? दोन रबरं, एक पट्टी, आणि भिंतभर काळी बुरशी. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नाही. वारा पश्चिमेकडून येतो आणि ती भिंत चार महिने भिजते. कपाट भिंतीला चिकटून असल्यानं हवा खेळतच नव्हती. भिंत पुसून, वाळवून कपाट आतल्या भिंतीशी नेलं, तेही चार बोटं अंतर सोडून. टेबल खिडकीशी आलं. लेक उजव्या हातानं लिहिते, म्हणून उजेड डावीकडून येईल असं लावलं. नाहीतर हाताचीच सावली वहीवर पडते. संध्याकाळी शेजारणी पाहून गेल्या. मी खूश!

रात्री दोनच्या सुमारास धप्पकन आवाज आला. दिवा लावला तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या. नातीची झोप मोडू नये म्हणून त्या कधी दिवा लावत नाहीत. पलंगावरून उठायचं, कपाटाला हात लावायचा, वळायचं की न्हाणीघर. हात कपाटाकडे गेला, तिथे कपाटच नव्हतं. गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला.

"अगं, माझी वाट कुठं नेलीस?" त्या म्हणाल्या.

हाड वाचलं, पण मला रात्रभर झोप नाही. पुठ्ठ्यावर मी पलंग मांडला, फ्रिज मांडला, दारं मांडली. अंधारात चालणारं माणूस मांडलंच नव्हतं. त्यांना विचारलंही नव्हतं.

सकाळी वही पुन्हा उघडली. या वेळी सासूबाई शेजारी बसल्या. लेकीनं आधी लाल पेन्सिलीनं आजीची वाट आखली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. त्या रेघेवर काहीही ठेवायचं नाही. मग पलंग भिंतीला समांतर फिरवला, म्हणजे उठल्याबरोबर हात भिंतीला लागेल. टेबल खिडकीशीच राहिलं, फक्त दीड फूट पलीकडे गेलं. न्हाणीघराच्या दाराशी एक लहान रात्रीचा दिवा लावला.

दुपारी सासूबाई डोळे मिटून त्या वाटेनं तीनदा जाऊन आल्या. लेक मागून पावलं मोजत होती.

"आजी, अकरा झाली. आधी किती होती गं?"

"नऊ," सासूबाई म्हणाल्या. "दोन वाढली. पण चालंल. तू लिही तिथं बसून."