माळरानावरील ठेंगणे माड

नारळाचें नांव काढिलें कीं, उंच व एकाकी झाड डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्याच्याच गोतांतील कांहीं झाडें इतकीं ठेंगणीं असतात कीं, तीं झुबक्यांनीं वाढून पुष्कळदां माणसाच्या उंचीसही पोंचत नाहींत. त्यांची जोपासना कशी करावी, हें येथें आम्ही थोडक्यांत सांगतों.

ब्राझील देशाच्या मध्यभागीं सेराडो नांवाचें माळरान सुमारें २० लाख चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. तेथील माती तांबडी, आम्लधर्मी व निकस आहे. पाऊस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो. पुढील महिने कोरडे जातात व गवतास वणवे लागतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस ह्यांनीं १८१७ ते १८२० ह्या काळांत ब्राझीलमध्यें प्रवास केला व पुढें तेथील ताडमाडांवर मोठा ग्रंथ लिहिला. ह्या माळावरील दोन जाती ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. 'सायाग्रस फ्लेक्शुओसा' हिचीं अनेक बारीक खोडें एकाच जागीं उभीं राहतात. 'अलागोप्टेरा कँपेस्ट्रिस' हिचें खोड मात्र जमिनींतच असतें. वर दिसतात तीं केवळ पानें. वणवा पानें जाळतो, पण मातीखालील कोंब वांचतो व पुन्हां हिरवा होतो.

लागवडीचें मर्म येथेंच आहे. ज्या जातीचें खोड भूमिगत, तिची पहिली वाढ वर न होतां खालीं होते. म्हणून उथळ कुंडी निरुपयोगी. हातभर खोल कुंडी घ्यावी व मातींत जाड वाळू भरपूर मिसळावी. पिकल्या फळाचा गर काढून बीं पेरावें. नारळाप्रमाणें ह्याच्या कवचासही तीन डोळे असतात व त्यांपैकीं एकांतून अंकुर निघतो. त्यास कित्येक महिने, कधीं वर्षाहूनही अधिक काळ लागतो. तोंवर माती उकरून पाहूं नये. रोपास भरपूर ऊन द्यावें. आपल्याकडे मुसळधार पावसांत कुंडींत पाणी सांचूं न देणें, हीच मुख्य काळजी. खत बेताचेंच घालावें, कारण हें झाड निकस मातीस सरावलेलें आहे. कुंडी बदलतांना मुळांभोंवतींचा गोळा फुटूं देऊं नये.

कोणी विचारील, माळावरचा जुना झुबका खणून आणला तर वर्षें वांचणार नाहींत काय? तसें करूं नये. मुळें तुटलीं म्हणजे असा झुबका बहुधा जगत नाहीं. शिवाय माळावरील एक झाड उणें होतें, तें निराळेंच. सन १९७० नंतर तेथें सोयाबीनची शेती व गुरांचीं कुरणें झपाट्यानें वाढलीं आणि सेराडोची जवळजवळ निम्मी मूळ वनश्री नाहींशी झाली. वणव्यास न हरणारें हें झाड नांगरापुढें हरतें. कारण आग वरचेंच जाळते, नांगर लपलेलें जीवनच उपटून काढतो.

ह्यास्तव ज्यांस हें झाड हवें, त्यांनीं बियांपासूनच तें वाढवावें. विद्यार्थ्यांनीं इतकें लक्षांत ठेवावें कीं, अशी कुंडी वर्षभर रिकामी दिसली तरी ती रिकामीच असेल असें नाहीं.