महानगराच्या उशाला बिबट्या

'बिबट्या वस्तीत घुसला' अशी बातमी वर्षातून अनेकदा वाचनात येते. त्यातील 'घुसला' या शब्दात एक गृहीत दडलेले असते: वन्य प्राण्याचे घर म्हणजे जंगल, आणि तो घरांजवळ दिसला म्हणजे वाट चुकला असला पाहिजे. मुंबईतील बिबट्यांचा गेल्या दोन दशकांत जो अभ्यास झाला, त्यातून मात्र निराळे चित्र पुढे आले आहे.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. एका बाजूस बोरिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या बाजूस भांडुप, मुलुंड, ठाणे, दक्षिणेस आरे वसाहत आणि उत्तरेस वसईची खाडी. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. त्यामुळे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून एकेका प्राण्याची ओळख पटवता येते. या पद्धतीने २०१५ मध्ये उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबट्यांची नोंद झाली, तर २०१८ मध्ये ही संख्या ४७ वर गेली. इतक्या दाट मानवी वस्तीला खेटून इतके बिबटे राहतात, याचे जगात दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

हे त्यांना साधते कसे? पहिले कारण म्हणजे आहार. वाघाला मोठे सावज लागते. बिबट्याचे तसे नाही. तो चितळ व सांबर मारतो, तसेच ससा, माकड, डुक्कर, कोंबडी असे मिळेल ते खातो. उद्यानाच्या कडेला कचऱ्याचे ढीग साचतात, त्यांवर भटकी कुत्री व डुकरे पोसली जातात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार मुंबईतील बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री फस्त करतात. त्यामुळे कुत्रे चावण्याचे सुमारे हजार प्रसंग टळत असावेत, असेही त्यात म्हटले आहे. ज्याची आपण धास्ती घेतो, तो प्राणी नकळत आपल्यावर उपकारही करीत असतो.

दुसरे कारण वेळेचे. माणसाची वर्दळ ओसरली की बिबट्याचा दिवस सुरू होतो. दिवसा तो झुडपांत, नाल्याच्या काठी वा खडकांच्या कपारीत निपचित पडून राहतो. ही युक्ती केवळ त्याची नाही. जगभरातील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांविषयीच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाचा त्रास असलेल्या भागांत या प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट वाढल्याचे त्यात आढळले. जागा वाटून घेता येत नसेल, तर प्राणी वेळ वाटून घेतात.

तिसरी गोष्ट बिबट्याच्या स्मरणशक्तीची व चिकाटीची. २००९ मध्ये पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नराची सुटका करून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा बिबट्या शेते, रस्ते व रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून महिन्याभरात मुंबईच्या उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने कुणावर हल्ला केल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

मग हल्ले का होतात? जुन्नर परिसराचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २००१ नंतर तेथील शेतशिवारांत पिंजरे लावून बिबटे पकडण्यात आले व सरासरी चाळीस किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. लोकांची सुटका व्हावी हा हेतू होता. प्रत्यक्षात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी चारवरून सतरावर गेली. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष विचारात पाडणारा आहे. बिबट्याची हद्द ठरलेली असते. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो व घराची वाट शोधू लागतो. इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येऊन बसतो. २००४ मध्ये मुंबईत हल्ल्यांची मालिकाच घडली. त्यापूर्वी बाहेरून आणलेले बिबटे याच उद्यानात सोडले गेले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या अनुभवातून शहाणपण घेऊन २०११ मध्ये वन विभागाने अभ्यासक व नागरिकांना बरोबर घेऊन मुंबईत लोकजागृतीचा उपक्रम सुरू केला. पिंजऱ्यापेक्षा दक्षतेवर भर देण्यात आला आणि पुढील काही वर्षे हल्ले लक्षणीयरीत्या घटले. तथापि धोका संपलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत दीड वर्षाच्या एका बालिकेचा बळी गेला. उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या आदिवासी पाड्यांतील व झोपडपट्ट्यांतील कुटुंबांना 'सहजीवन' हा शब्द उंच इमारतीतून उच्चारण्याइतका सोपा नाही.

म्हणूनच या भागांत कचरा वेळच्या वेळी उचलणे, रस्त्यांवर पुरेसे दिवे लावणे व घरोघरी शौचालये पुरविणे, ही कामे नागरी सोयी म्हणून जितकी महत्त्वाची, तितकीच बिबट्यापासून संरक्षण म्हणूनही. सायंकाळनंतर मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. बिबट्या दिसल्यास गर्दी करून त्याला घेरू नये, निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी आणि वन विभागास कळवावे. बिबट्याने माणसाची वेळ टाळण्याचा धडा केव्हाच गिरवला आहे. त्याच्या वेळेचे भान ठेवण्याची पाळी आता आपली आहे.