तुरुंगावरचा खर्च नेमका कुणावर?

‘बिनभाड्याच्या खोलीत’ गेलेला माणूस आपल्या पैशावर मजेत जेवतो, असं गप्पांमध्ये सर्रास म्हटलं जातं. जरा हिशेब मांडू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या 1,330 तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार बंदी होते. 2022-23 मध्ये तुरुंगांसाठी तरतूद होती सुमारे 8,700 कोटी रुपयांची. म्हणजे डोईमागे दिवसाला चारशे-सव्वाचारशे रुपये. पहारेकऱ्यांचे पगार, वीज, औषधपाणी, सगळं त्यातच. शिवाय जागा आहे 4 लाख 36 हजारांची. दाटीवाटीनं पाळीपाळीनं झोपणं ही मजा असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरा समज याहून मोठा आहे: आत आहेत ते सगळे गुन्हेगार. वस्तुस्थिती अशी, की त्या पावणेसहा लाखांपैकी 4 लाख 34 हजार, म्हणजे जवळपास 76 टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा खटला संपलेला नाही, काहींचा तर सुरूही झालेला नाही. करदात्याला वाटतं आपण शिक्षेचा खर्च उचलतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग तारखांची वाट पाहण्यावर जातो. कच्च्या कैद्यांत जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा रक्कम न मिळाल्यानं आत राहिलेले आहेत. 2023 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयासमोर असे सुमारे 5,000 जण असल्याची माहिती आली होती. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात तेव्हा जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदत ठरली होती. डोईमागच्या खर्चाचा वरचाच हिशेब धरला, तर एका माणसाला शंभर दिवस आत ठेवण्यात सरकार साधारण तेवढंच खर्च करतं.

जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, आणि तीही दिवस-रात्र वेगळी मोजून सातच, हे ऐकलं नसेल असा माणूस गावात सापडायचा नाही. दिवस-रात्रीचा हिशेब निव्वळ कल्पना आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, असं सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सांगितलं. फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेत माफीचा विचार होण्याआधी किमान 14 वर्षं आत काढावी लागतात. त्यानंतरही सुटका हा हक्क नव्हे.

मग तुरुंगाचा उपयोग काय? हिंसक माणूस आत असेतोवर बाहेर कुणाला इजा करत नाही, हा उपयोग खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘शिक्षा वाढवा, गुन्हे घटतील’ हे गणित जुळत नाही. गुन्हा करणारा बहुधा शिक्षेची वर्षं मोजत नाही, आपण सापडणारच नाही असं धरून चालतो. धाक बसतो तो पकडलं जाण्याच्या खात्रीचा. त्यासाठी तपास आणि लवकर निकाल यांवर पैसा लागतो, उंच भिंतींवर नव्हे.

भिंत काढली की कैदी पळणार, हा समज तर महाराष्ट्रानंच फार पूर्वी खोटा ठरवला. औंध संस्थानात 1939 साली, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. कैदी तिथं कुटुंबासह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच. जयपूरजवळच्या सांगानेरच्या खुल्या तुरुंगातले कैदी दिवसा शहरात कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परततात आणि आपल्या संसाराचा खर्च आपणच चालवतात. तिथं पहाऱ्यावरही फारसा खर्च लागत नाही. प्रत्येक कैद्याला असं ठेवता येणार नाही, हे उघडच आहे. पण ज्यांना ठेवता येईल त्यांनाही आपण महागड्या पहाऱ्यातच ठेवतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 कच्च्या कैद्यांसाठी कामाचं आहे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीनं संभाव्य कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. इतरांसाठी निम्म्या काळानंतर जामीन. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्यानं तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. कैद्याचे नातेवाईक तो अर्ज गेला का, हे विचारू शकतात.